पोळ्यांच्या डब्यातले गोल्फ बॉल

घुल्यांच्या गाडीची मागची दोन्ही दारं आतून उघडत नसत. लेक स्वराली रांगायला लागली तेव्हा अनिरुद्धने त्यांना चाइल्ड लॉक लावलं होतं. आता स्वराली शाळेत जाते, सायकल चालवते, आजोबांशी तोंडाला तोंड देते, पण ते लॉक काढावं असं कुणाच्या मनात आलं नाही. मागे बहुतेक वेळा चैतालीच बसायची, त्यामुळे घाईही कुणाला नव्हती. गाडी थांबली की पुढचे दोघं उतरायचे, कंबर सरळ करायचे, मोबाइल चाचपायचे, आणि मग कुणाला तरी आठवायचं की सून अजून आत आहे.

त्या रविवारी सकाळीही ती अशीच मागे बसली होती आणि तिच्या मांडीवर पोळ्यांचा डबा होता. मोठा, दुपदरी, सणासुदीला काढायचा. एरवी त्यात गरम पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. आज फडक्यात गोल्फचे बॉल होते.

हे ऐकून कुणी हसलं तर त्याला दोष देता येणार नाही. चैतालीला मात्र हसू येत नव्हतं.

घुल्यांचं घर विश्रांतवाडीत आणि कारखाना घराच्या पाठीमागच्या गल्लीत. कुकरच्या रिंगा, नळाचे वायसर, मोटारीचे बुश, अशी रबराची बारीकसारीक कामं. नाव 'द्वारका रबर प्रॉडक्ट्स'. ज्यांच्या नावाने हा कारखाना चालतो त्या द्वारकाबाई वर्षातून एकदा, दसऱ्याला, यंत्रांना हळदकुंकू लावायला तिथे जायच्या आणि बाकीचं वर्ष त्यांना तिथे कुणी बोलवायचं नाही. बायकोच्या नावाचा एवढा मान ठेवून हिंमतराव घुले निर्धास्त असायचे.

सून मात्र त्यांनी पारखून आणली होती. चैताली अकोल्याची, रबर टेक्नॉलॉजी शिकलेली. लग्नाच्या बैठकीत मंडळी हुंड्याचं नाव काढत नाहीत म्हणून तिचे वडील भारावून गेले होते. हिंमतरावांनी काय हेरलं होतं हे त्यांना पुढे कळलं. चैताली मांडवपरतणी करून आली आणि दुसऱ्याच आठवड्यात कारखान्यात दाखल झाली. पगाराचा विषय निघाला तेव्हा हिंमतराव मनापासून दुखावले. "घरच्या माणसाला पगार? उद्या द्वारकाला भाकरीचे पैसे देऊ का?"

म्हणजे सकाळी घरातून निघायचं, गल्ली ओलांडून कारखान्यात जायचं, दुपारी जेवायला गल्ली ओलांडून घरी, पुन्हा कारखान्यात. घरी हिंमतराव 'बाबा', कारखान्यात 'साहेब', आणि साहेबांवर चिडलं तरी संध्याकाळी बाबांना चहा द्यायचाच. नोकरी असती तर राजीनामा देता आला असता. सुनेने राजीनामा कुणाकडे द्यायचा?

तरी तिने प्रयत्न केला होता. खराडीच्या एका टेस्टिंग लॅबने तिला बोलावलं. काम तिच्या आवडीचं, रबराच्या चाचण्यांचं. दिवाळीच्या आसपास मुलाखत झाली, लगेच होकार आला. तिने आधी सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढची पाकळी उचलली. मग नवऱ्याला, अनिरुद्धला, सांगितलं. तो म्हणाला, "मला काय, मी खूशच आहे. फक्त बाबांना तू विचार." अनिरुद्ध तसा वाईट नव्हता. दोन्ही बाजूंना मान डोलवायची सवय त्याला लहानपणापासून होती, आणि त्या सवयीमुळे त्याचं आजवर कधी अडलं नव्हतं.

हिंमतराव नाही म्हणाले नाहीत. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, "जा की. कोण अडवतंय? एकदा आपला बॉल मार्गी लागला की तू मोकळी."

तर तो बॉल. हिंमतरावांना दोन वर्षांपूर्वी एका गोल्फ क्लबचं सभासदत्व मिळालं आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिथे त्यांना निवृत्त कर्नल जयसिंग मोहिते भेटले. कर्नलांनी खडकवासल्याच्या अकादमीत पुष्कळ पोरांना शिस्त लावली होती आणि आता ते गोल्फच्या सरावाची मैदानं चालवत होते. "घुले, आपल्या देशात रॉकेट बनतं, पण हा चेंडू बाहेरून येतो," असं ते एकदा सहज म्हणाले. सहज म्हटलेलं हिंमतराव मनावर घेतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात एक बॉल करवतीने मधोमध कापून चैतालीपुढे ठेवला. "हे रबरच आहे ना? मग करून दाखव."

तिने करून दाखवला. खरं सांगायचं तर त्या महिन्यांत ती खूश होती. गोल्फचा बॉल म्हणजे आत रबराचा गाभा आणि वर कठीण कवच. फटका बसला की गाभा क्षणभर चेपतो आणि उसळून पुन्हा गोल होतो; घेतलेली ताकद जितकी परत देतो तितका बॉल लांब जातो. तिने गाभ्यासाठी उत्तम रबर निवडलं होतं, कवच आणि गाभा यांच्या मध्ये आणखी एक मऊ थर दिला होता. तो तीन थरांचा बॉल हातात घेतला की तिला स्वतःचं कौतुक वाटायचं. हिंमतरावांनी त्याचा खर्च पाहिला आणि मधला थर काढून टाकला. गाभ्यातही जुन्या टायरांचं रबर घालायला लावलं. "कुकरच्या रिंगेत चालतं, बॉलात का नाही चालणार?"

चाचण्या मे महिन्यात झाल्या. रबर साच्यात दाबून भाजणारं प्रेस दिवसभर तापलेलं, पत्र्याचं छत तापलेलं, बॉल प्रेसच्या शेजारच्या क्रेटमध्ये. तिथून उचलायचे आणि थेट मैदानावर न्यायचे. छान जात होते. आपण आजवर गरम बॉलच तपासले, गार बॉल कसा वागतो ते पाहिलंच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. चैतालीच्याही नाही. अकोल्याच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मुलीला थंडीचा विचार उशिराच सुचतो, असं ती नंतर स्वतःला म्हणाली, पण ती पळवाट होती आणि तिला ते माहीत होतं.

डिसेंबरात पुण्यात हुडहुडी भरली. हिंमतराव एका सकाळी मोठ्या रुबाबात स्वतःचा बॉल घेऊन खेळायला गेले आणि पडेल चेहऱ्याने परत आले. बॉल दगडासारखा लागला म्हणे, हाताला झिणझिण्या आल्या आणि गेला कुठे, तर समोरच्या झुडपापर्यंत.

"थंडीत रबर आखडतं, बाबा," चैतालीने सांगितलं. "चेपायला कुरकुर करतं आणि परत देताना चिक्कूपणा करतं. सगळीच रबरं करतात. चांगलं थोडं करतं, आपण घातलंय ते फार करतं. हवाही थंडीत जड होते, पण ते सगळ्यांनाच सारखं. आपला गाभा बदलायला हवा. मला तीन महिने द्या."

हिंमतरावांनी ऐकलं. त्यातलं त्यांना हवं तेवढंच ऐकलं.

"म्हणजे गरम राहिला तर जाईल?"

"जाईल, पण..."

"झालं तर मग."

जानेवारीत कर्नल बॉल पाहायला येणार होते. परदेशी बॉल आणि आपला बॉल, एकाच माणसाच्या हातून, एकामागून एक. हिंमतरावांनी बेत केला. परदेशी बॉलही आपणच न्यायचे, ते आदल्या संध्याकाळपासून गच्चीवर, उघड्यावर. आपले बॉल खिशात, ऊबदार. चैताली म्हणाली की खिशात ठेवून भागणार नाही, खिशात वरची साल कोमट होते आणि गाभा गारच राहतो. रबर ऊब सावकाश आत घेतं. हे बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. बोलायची गरजच नव्हती. पण कुणी चुकीचं बोललं की तिला राहवत नसे, आणि तिच्या याच गुणावर हिंमतराव आजवर कारखाना चालवत आले होते.

"मग कशात ठेवायचे?" त्यांनी विचारलं. आणि स्वयंपाकघराच्या फळीकडे बघून स्वतःच उत्तर दिलं.

"बाबा, खेळाच्या नियमात बॉल मुद्दाम तापवायला बंदी आहे."

"आपण कुठे स्पर्धा खेळतोय? माल दाखवतोय. साडी दुकानात दिव्याखाली दाखवतात की नाही?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघ, ऑर्डर मिळू दे, पैसा येऊ दे, मग घाल तुझं उंची रबर. आणि तू मोकळी. सोमवारी तुझ्या त्या लॅबवाल्यांना हो म्हणून सांग. मी अडवलं तर नाव बदल."

लॅबने खरंच सोमवारपर्यंत मुदत दिली होती, आणि ती शेवटची होती. आधी दोनदा तिने ती मागून घेतली होती, तिसऱ्यांदा मागायची तिची छाती नव्हती. अनिरुद्धकडे पाहिलं तर तो म्हणाला, "एका सकाळचा तर प्रश्न आहे." तिने विचार केला, खरंच एका सकाळचा तर प्रश्न आहे. आणि डबा तिच्याच मांडीवर असणार हेही कुणी वेगळं ठरवलं नाही. हिंमतरावांच्या हातात डबा दिसला असता तर क्लबच्या वॉचमननेसुद्धा चौकशी केली असती. सुनेच्या हातातल्या पोळ्यांच्या डब्याकडे कोण बघतं?

क्लबवर धुकं होतं. गवतावर इतकं दव की चैतालीच्या चपला भिजल्या. कर्नल आधीच आले होते, पाठ ताठ, मफलर नीट आत खोचलेला. त्यांच्याबरोबर निकिता नावाची त्यांची कोच होती. फटके ती मारणार होती आणि अंतर मोजायचं यंत्र तिने आधीच मांडून ठेवलं होतं.

"सूनबाईंनाही आणलंत?" कर्नल म्हणाले. "बरं केलंत. निदान एका माणसाला तरी बॉलातलं कळेल."

हिंमतराव मोठ्याने हसले. चैताली मागच्या बाकावर बसली. डबा किलकिला करायचा, फडक्यात हात घालायचा, एक बॉल काढून अनिरुद्धकडे द्यायचा, झाकण लगेच लावायचं. अनिरुद्धने पिशवीतून काढल्यासारखं करायचं. घरी तालीम झाली होती. रात्रभर प्रेसशेजारी ठेवून पहाटे फडक्यात गुंडाळलेला प्रत्येक बॉल तिच्या बोटांना चटका बसेल इतका नाही, पण नुकत्याच उठलेल्या अंथरुणाइतका उबदार लागत होता.

परदेशी बॉल गेला. मग घुल्यांचा गेला. पहिल्याच फटक्याला घुल्यांचा बॉल आठ-दहा पावलं पुढे पडला. निकिताने यंत्राकडे पाहिलं, मग काठीकडे पाहिलं. पुन्हा मारला. पुन्हा पुढे. हिंमतराव दर फटक्याला चैतालीकडे अशा नजरेने बघत होते, जणू ती बारावीत बोर्डात आली आहे. तिने झाकण आणखी घट्ट दाबलं. तिने केलेला तीन थरांचा बॉल याच गार हवेत, डब्याबिब्याशिवाय, ताठ मानेने गेला असता. तो कारखान्यातल्या तिच्या ड्रॉवरमध्ये पडून होता आणि ती इथे टायरचं रबर शेकत बसली होती.

"परदेशी पाहुणे आज आळसावलेत," कर्नल म्हणाले. त्यांनी हे कुठल्या सुरात म्हटलं ते चैतालीला कळलं नाही. मग ते हिंमतरावांकडे वळले.

"घुले, स्पष्ट बोलतो. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. गैरसमज नको, कुठल्याच विकणाऱ्यावर नाही. पण मागे मी कारखान्यात आलो होतो तेव्हा विचारलं होतं, उन्हात कवच तडकतं का. तुम्ही नाही म्हणालात. तुमचे चिरंजीव नाही म्हणाले. तुमचा मॅनेजरसुद्धा नाही म्हणाला. ही एकटी मुलगी म्हणाली, 'हो, वर्षभरात तडकेल.' आठवतंय?"

हिंमतरावांना आठवत होतं. त्या संध्याकाळी घरात कुणी चैतालीशी बोललं नव्हतं.

"तेव्हाच ठरवलं होतं, घ्यायचा तर हिच्या भरवशावर घ्यायचा. माझ्या सगळ्या मैदानांसाठी घेतो. तीन वर्षांचा करार करू. अट एकच. प्रत्येक बॅच हिने स्वतः तपासायची. ही नसेल त्या दिवशी करार संपला." त्यांनी चैतालीकडे पाहिलं. "कबूल?"

चैतालीने तोंड उघडलं होतं. काय बोलणार होती ते तिलाही माहीत नव्हतं. पण कर्नलांनी प्रश्न तिला विचारला असला तरी उत्तर तिच्याकडून यायची वाट कुणी पाहिली नाही.

"कबूल म्हणजे काय, एकदम कबूल!" हिंमतराव म्हणाले. त्यांनी कर्नलांचा हात दोन्ही हातांत घेतला. "घरचीच तर आहे. ती कुठे जाणार!"

ती कुठे जाणार. हे ते दुष्टपणाने म्हणाले नव्हते. आनंदात म्हणाले होते, आणि तिला मोकळं करण्याचा शब्द त्यांना आठवतसुद्धा नव्हता. अनिरुद्धला आठवत होता. तो चपलेच्या टोकाने गवतावरचं दव पुसत होता.

चैतालीला सगळं एकदम लख्ख दिसलं. तीन हिवाळे. दर हिवाळ्यात कर्नल पुन्हा बॉल मारून बघणार, आणि दर हिवाळ्यात हा डबा तिच्या मांडीवर. उंची रबर कधीच येणार नाही, कारण डबा फुकट आहे. आज या माणसाच्या विश्वासाला ती गप्प राहून हो म्हणाली, तर गल्लीला दुसरं टोक उरणार नाही. आणि ते टोक तिने स्वतःच्या हाताने बंद केलेलं असेल. तिला हिंमतरावांचा राग आला, अनिरुद्धचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. खरं बोलते म्हणून जिची ख्याती, ती फडक्यात हात घालून बसली होती.

ती उठली. डबा उघडला. थंडीत डब्यातून अंधूकशी वाफ आली आणि रबराचा वास.

"सर," ती म्हणाली, "हात पुढे करा."

तिने एक बॉल कर्नलांच्या तळहातावर ठेवला. त्यांची बोटं त्याच्याभोवती मिटली आणि तशीच राहिली. मग त्यांनी दुसरा हात निकितापुढे केला. निकिताने त्यावर परदेशी बॉल ठेवला. दोन हातांत दोन बॉल घेऊन कर्नल उभे राहिले.

"वा," ते म्हणाले. "ह्याला ताप आणि ह्याला हीव."

"अहो, त्याचं काय आहे कर्नलसाहेब..." हिंमतराव पुढे झाले.

"घुले, तुम्ही थांबा." ते चैतालीकडे वळले. "हे मला कधी सांगायचं ठरवलं होतं?"

"ठरवलं नव्हतं," ती म्हणाली. "न सांगायचं ठरलं होतं. मीही त्यात होते." तिने डब्याचं झाकण लावलं. "हा बॉल थंडीत जात नाही. चांगला करता येतो, पण तो महाग पडतो. आणि पुढच्या बॅच मी तपासणार नाही. मी दुसरीकडे कामाला लागतेय."

कर्नलांनी गरम बॉल तिला परत दिला. रागावले होते की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "बसा घरी शेकत," एवढंच ते हिंमतरावांना म्हणाले, मफलर पुन्हा नीट खोचला आणि निकिताला यंत्र आवरायला सांगून चालू लागले.

गाडी आळंदी रस्त्याला लागल्यावर हिंमतराव समोर बघत म्हणाले, "घर बुडवलंस." मग थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले, या वेळी हळू, आणि त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा लागला. चैतालीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. हा माणूस पहाटे उठून रिंगा मोजत मोठा झाला होता, आणि त्याला एकदा लोकांनी साहेब म्हणून हात मिळवावा एवढंच हवं होतं. पण त्यासाठी तिने जन्मभर डबा धरावा, हे तिला आता पटवून घेता येत नव्हतं. आरशात अनिरुद्धने तिच्याकडे पाहिलं. मग सिग्नल सुटला आणि त्याने गिअर टाकला.

घरापाशी गाडी थांबली. गाडी चालूच ठेवून अनिरुद्ध फाटक उघडायला उतरला. हिंमतराव उतरले, दार आपटलं आणि मागे न बघता घरात गेले. आतून त्यांचा चढलेला आवाज यायला लागला, "विचार, विचार तुझ्या सुनेला!" फाटकाची कडी अडकली होती, अनिरुद्ध तिच्याशी झटापट करत होता. चैताली मागे बसून राहिली. दार कुणी उघडेल याची वाट बघायची, ही सवय. डबा मांडीवर, अजून कोमट.

मग तिच्या मनात आलं, काच तर खाली होते.

तिने बटण दाबलं. काच सरसर खाली गेली, थंड हवा तोंडावर आली. तिने हात बाहेर काढला, बाहेरची मूठ चाचपली आणि ओढली. दार उघडलं. इतकं सोपं होतं की तिला रडू आलं. इतकी वर्षं ती इथे बसून कुणाच्या तरी आठवणीची वाट बघत होती.

पायरीवर द्वारकाबाई उभ्या होत्या. आतल्या आवाजाकडे पाठ करून त्या बाहेर आल्या होत्या. त्यांनी उघडलेलं दार पाहिलं, खाली गेलेली काच पाहिली, आणि सुनेच्या हातातला आपला डबा पाहिला.

"आई, ह्याला रबराचा वास लागलाय," चैताली म्हणाली. "पोळ्या ठेवता नाही येणार आता."

द्वारकाबाईंनी डबा हातात घेतला. झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि तो पायरीच्या कडेला ठेवून दिला. आत हिंमतराव अजून ओरडत होते. त्या तिकडे वळल्या नाहीत.

"ती खराडी लांब पडते," त्या म्हणाल्या. "उद्या किती वाजता निघायचंय तुला?"